एकशे अडतीस दिवस

बायाक्का, तुझ्या डबीतली चिमूटभर मिश्री
बेळगावच्या प्रयोगशाळेत बशीत ठेवली
तेव्हा आधी वास आला,
लोखंडी तव्यावर काळ्या होत जाणाऱ्या पानाचा,
निपाणीतली अख्खी गल्ली ठसकत हसते तो.
मग यंत्र मोजायला लागलं.

आकडा बारीक होता.
तो बारीकच असतो, हीच त्याची खोड.

तंबाखूच्या पानावर चिकट लव असते, हे तूच शिकवलंस:
खुडणाऱ्याची बोटं साबणाला दाद देत नाहीत,
लिंबू चोळावं लागतं.
त्या लवेवर बसते हवेतली धूळ,
धुळीवर बसतं मातीतून सुटलेल्या वायूचं मढं.
मढ्याचं शिसं होतं,
शिशाचं, वर्षं गेल्यावर, पोलोनियम.
थोडं खतातूनही येतं. थोडं तव्यावर धुरात जातं.
उरतं ते तुझ्या उजव्या तर्जनीवर.

अहवाल इंग्रजीत आहे, शिक्का कन्नडमध्ये,
हिरड्या तुझ्या मराठी.
कुठल्या भाषेत सांगू?

म्हणून नाक्याचं सांगितलं.
कोगनोळीला ट्रक थांबवतात ना, तसं आतडं थांबवतं.
आत इतक्या घड्या, की पसरलं
तर वखारीत पानं निवडायला तुम्ही पंधरा-वीस जणी
गुडघ्याला गुडघा लावून बसता, तेवढी फरशी भरेल.
प्रत्येक घडीवर एक शिपाई.
युरेनियम आलं, तर शंभरात एखाद-दुसरं आत सोडतो.
प्लुटोनियमला दहा हजारांत पाच.
रेडियम मात्र कॅल्शियमच्या रांगेत उभं राहतं
नि सरळ हाडापर्यंत जातं, घरचं असल्यागत.
शिसं लोखंडाच्या दारातून घुसतं.
पोलोनियमवर पुस्तकांचं जमत नाही:
एक म्हणतं शंभरात दहा, दुसरं पन्नास.

तू पिंक टाकलीस, तोंड पुसलंस.
"म्हंजे नव्वद तर भायेर जातंय की."

जातं.
पण बायाक्का (सगळी गल्ली म्हणायची म्हणून मीही म्हणाले,
आई म्हणायची सवयच लागली नाही),
पण तुझं रक्त सात पॉइंट आठ.
अंगात लोह कमी पडलं की आतडं घाबरतं,
भिंतीत नवी दारं पाडतं,
मिळेल ते आत ओढतं, नाव-गाव न विचारता.
उपाशी पोटाचा नाका फार उदार असतो.
आणि तू तर पहाटे चूल पेटायच्या आधी
मिश्री लावायचीस, भूक मरते म्हणून.
माझ्या वेळेलाही लावायचीस.
ते मी विचारलं नाही.
तूही सांगितलं नाहीस.
बाहेर कोणीतरी "यव्वा, पोती आली" म्हणून हाक मारली.

एकशे अडतीस दिवसांत ते अर्धं विझतं.
पुढच्या तितक्यांत उरल्याचं अर्धं.
साधारण तंबाखूच्या एका पिकाएवढे दिवस,
रोप लावल्यापासून पान पिवळं पडेपर्यंत.
पण हे गणित पाटीवर एकदाच मांडलं तर.
तू रोज सकाळी नवं मांडतेस.

"मग माझ्या हाडात उजेड पडतोय म्हण,"
तू म्हणालीस, आणि दातांची काळी रांग दाखवून हसलीस.
मी नाही म्हटलं. उजेड नाही पडत.
काहीच दिसत नाही, हेच तर.

दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या आणून दिल्या.
शेंगा-गूळ खा म्हटलं, चहा जेवणावर नको.
मान डोलावलीस,
सीमाभागाच्या प्रश्नावर डोलावतात तशी.

महिन्यानं आले.
फळीवर तीच पितळेची डबी.
झाकण फिरवलं:
अर्ध्या डबीत मिश्री,
अर्ध्या डबीत गोळ्या,
त्यांचा लाल रंग काळा व्हायला लागलेला.
"एका जागी असल्या की इसरत न्हाई," तू म्हणालीस,
आणि एकाच बोटानं
आधी एक घेतलीस, मग दुसरं.